ट्रॅक्टरच्या क्लचमधून घडलेली मोटार

वेगवान आणि महागड्या मोटारींच्या जगात लॅम्बोर्गिनी हे नाव आज दबदब्याने घेतले जाते. हे नाव ज्यांचे, ते फेरुच्चो लॅम्बोर्गिनी मुळात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर बनविणारे मिस्त्री होते. एका नामांकित स्पोर्ट्स कारच्या सतत त्रास देणाऱ्या क्लचचे निदान त्यांनी आपल्या ट्रॅक्टर कारखान्यात केले आणि त्यातून मोटारींच्या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. त्यांच्या आयुष्याचा आणि त्या क्लचमागील तंत्राचा हा मागोवा.

बेलापूर म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकांना नवी मुंबईतील कार्यालयांनी गजबजलेले उपनगर आठवते. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी, याच नावाचे एक जुने गाव आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरचे स्थानकही बेलापूर याच नावाने ओळखले जात आले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि हा सारा परिसर उसाचा झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना १९२०च्या दशकात उभा राहिला. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला.

गळीत हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. मऊ रानातून ती भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्यावर काढताना चालकाचा पाय अर्धवट दाबलेल्या क्लचवर असतो आणि जळका वास दूरवर पसरतो. क्लच जड झाला, क्लच स्लिप मारतो, गिअर पडत नाही या तीन तक्रारींचा अर्थ अशा पट्ट्यातील ट्रॅक्टर-मिस्त्र्याला कोणी शिकवावा लागत नाही. शहरातील मोटार-मालकांना क्लचची आठवण पेडल दाबताना गुडघा दुखू लागला की होते. शेतीच्या गावात मात्र क्लच हा रोजच्या बोलण्यातला विषय असतो. शेतीच्या गावातले हेच ज्ञान घेऊन इटलीतील एक शेतकऱ्याचा मुलगा स्पोर्ट्स कारच्या दुनियेत शिरला.

सपाट प्रदेशातील मुलगा

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी उत्तर इटलीतील चेंतो या गावाजवळच्या रेनाझ्झो येथे झाला. हा प्रदेश फेरारा प्रांतात मोडतो. पो नदीच्या खोऱ्यातील ही सपाट, सुपीक जमीन आहे. आपल्याकडे उसापासून साखर निघते, तेथे ती बीटपासून निघे. आईवडिलांची शेती होती, द्राक्षांचे मळे होते. मोठ्या मुलाने जमीन सांभाळावी अशी घरच्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. परंतु या मुलाचा ओढा नांगरापेक्षा तो ओढणाऱ्या यंत्राकडे अधिक होता. घरच्या शेतातील अवजारे दुरुस्त करता करता त्याने लोखंडाशी ओळख करून घेतली. पुढे तांत्रिक शिक्षण घेतले आणि बोलोन्या शहरातील एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये त्यांना इटलीच्या हवाई दलात दाखल व्हावे लागले. त्यांची नेमणूक भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर झाली. काम होते लष्करी वाहनांच्या दुरुस्तीचे. चारी बाजूंनी समुद्र आणि वरून युद्ध, त्यामुळे सुटे भाग वेळेवर मिळण्याची शाश्वती नव्हती. एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा, नाही बसला तर घासून बसवायचा आणि मुळात तो का तुटला याचा विचार करायचा, अशी ही शाळा होती. युद्धाच्या शेवटी बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, लॅम्बोर्गिनी युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये मायदेशी परतले. कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते असे शिक्षण त्यांच्या पदरी पडले होते. सुटा भाग हाताशी नसला की बिघाडाचे निदान अचूकच असावे लागते, कारण चुकीचा भाग बदलून पाहण्याची चैन परवडत नाही.

भंगारातून ट्रॅक्टर

युद्धानंतरच्या इटलीत जमीन होती, ती कसायला माणसे होती, पण यंत्रे नव्हती. दुसरीकडे लष्कराने मागे टाकलेल्या वाहनांचे ढीग जागोजागी पडले होते. लॅम्बोर्गिनी यांनी पिएवे दि चेंतो येथे गॅरेज उघडले आणि या दोन गोष्टींची सांगड घातली. लष्करी भंगारातील इंजिने, गिअरबॉक्स, आस जुळवून त्यांनी छोटे ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली. आरंभी महिन्याला जेमतेम एक ट्रॅक्टर तयार होई.

मॉरिस कंपनीच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर चालणारा त्यांचा ट्रॅक्टर कारिओका या नावाने ओळखला गेला. पेट्रोल शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. लॅम्बोर्गिनी यांनी अशी योजना केली की इंजिन पेट्रोलवर सुरू करावे आणि तापल्यावर स्वस्त इंधनावर चालवावे. १९४८ च्या फेब्रुवारीत चेंतोच्या ग्रामदैवताच्या जत्रेत हा ट्रॅक्टर लोकांसमोर आला. मागणी येऊ लागली आणि लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर हा उद्योग उभा राहिला.

याच काळात त्यांच्या घरावर आघात झाला. पत्नी क्लेलिया मोन्ती यांचा १९४७ मध्ये मुलगा तोनिनो याच्या जन्माच्या वेळी मृत्यू झाला. तान्हे मूल आणि नुकताच सुरू झालेला धंदा या दोन्हींचा भार तिशीतील या माणसावर एकदमच पडला.

वेगाचे वेड मात्र सुटले नव्हते. फियाटची टोपोलिनो नावाची चिमुकली मोटार त्यांनी स्वतः बदलून घेतली, इंजिनाची क्षमता वाढवली आणि १९४८ च्या मिले मिलिया या प्रसिद्ध शर्यतीत ती उतरवली. शेकडो किलोमीटर धावून ती गाडी रस्त्याकडेच्या एका खानावळीत घुसली आणि शर्यत तेथेच संपली. मोटारींच्या शर्यतींपासून आयुष्यभर चार हात दूर राहण्याचे त्यांचे धोरण पुढील काळात पक्के झाले.

१९५०च्या दशकात त्यांच्या कारखान्यात स्वतःची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. दशक संपता संपता इमारती उबदार ठेवणाऱ्या बर्नरचा आणखी एक कारखाना त्यांनी काढला. शेतकऱ्याचा मुलगा आता इटलीतील मोठ्या उद्योजकांत गणला जाऊ लागला.

फेरारीचा दुखरा भाग

पैसा आल्यावर लॅम्बोर्गिनी यांनी त्या काळातील उत्तमोत्तम मोटारी घेतल्या. त्यांत मर्सिडीज, जग्वार, मासेराती होत्या आणि १९५८ पासून फेरारीही होत्या. त्यांच्या घरापासून फेरारीचे मारानेल्लो फार लांब नव्हते. फेरारी २५० जीटी या गाड्यांचे बारा सिलिंडरचे इंजिन त्यांना मनापासून आवडे. तक्रार होती ती क्लचची. जोरात वेग घेताना क्लच घसरे, प्लेट लवकर झिजे आणि गाडी पुन्हा पुन्हा मारानेल्लोला न्यावी लागे. दुरुस्ती बंद दाराआड होई, काय केले ते मालकाला कळत नसे आणि काही दिवसांनी तेच दुखणे परत येई.

अखेर त्यांनी गाडी आपल्याच ट्रॅक्टर कारखान्यात नेली आणि मेकॅनिककडून क्लच खोलविला. आपल्या छोट्या ट्रॅक्टरांत ज्या कंपनीचा आणि ज्या जातीचा क्लच आपण बसवितो तसाच तो निघाला, असे ते पुढे सांगत. त्याजागी त्यांनी अधिक मोठा, अधिक ताकदीचा क्लच बसविला आणि त्रास थांबला.

यानंतर ते एन्झो फेरारी यांना भेटले आणि त्यांनी आपली तक्रार मांडली, असे सांगितले जाते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने फेरारीबद्दल शिकवू नये, अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि त्या अपमानातून लॅम्बोर्गिनी मोटार जन्माला आली, असे या कथेचे तात्पर्य. तिच्या अनेक आवृत्त्या प्रचलित आहेत आणि ती मुख्यतः लॅम्बोर्गिनी यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींवर उभी आहे. एन्झो फेरारी १९८८ मध्ये निवर्तले. त्यामुळे ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. शिवाय केवळ रागाच्या भरात कारखाना काढणाऱ्यांपैकी लॅम्बोर्गिनी नव्हते. श्रीमंत ग्राहक सुटा भाग आणि दुरुस्ती यांसाठी किती मोजतो, हे त्यांनी स्वतः ग्राहक म्हणून अनुभवले होते आणि धंद्याचा हिशोब त्यांना चांगलाच येत होता. कथेतील तांत्रिक गाभा मात्र खणखणीत आहे. तो समजण्यासाठी क्लचच्या आत डोकवावे लागते.

जड क्लच, घसरता क्लच

इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र हवी तेव्हा थांबावी लागतात. या दोहोंना जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील ही जड चकती असते. तिच्यासमोर दोन्ही बाजूंना घर्षण-पट्ट्या लावलेली क्लच प्लेट असते आणि मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की हा स्प्रिंगचा जोर उचलला जातो, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो.

क्लचने किती ताकद वाहून न्यावी हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली स्प्रिंगचा दाब, दुसरी घर्षण-पट्टीचा खरबरीतपणा आणि तिसरी प्लेटचा व्यास. इंजिन शक्तिशाली असेल आणि प्लेट लहान असेल, तर ती घसरते, तापते आणि जळते. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसविणे. त्याने घसरणे थांबते, पण त्या स्प्रिंगा शेवटी चालकाच्या पायालाच उचलाव्या लागतात. जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच मुळातच जड का असतो, याचे उत्तर येथे आहे. बारा सिलिंडरचे इंजिन आणि मर्यादित जागा असली की दाबाची भरपाई पायाने करावी लागते.

तरफेने हे वजन हलके करता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर हलते आणि पेडल साधारण १२ ते १५ सेंटिमीटर. तरफ आणखी वाढवली तर पेडल हलके होईल, परंतु पूर्ण दाबूनही प्लेट नीट सुटणार नाही आणि गिअर घासून पडतील. म्हणजे जोर वाचवावा तर अंतर वाढते आणि अंतर वाचवावे तर जोर.

खरा मार्ग प्लेटचा व्यास वाढविण्याचा. इतर सर्व तसेच ठेवून २०० मिलिमीटरऐवजी त्याच प्रमाणात मोठी २४० मिलिमीटरची प्लेट बसविली, तर तेवढ्याच स्प्रिंगवर सुमारे २० टक्के अधिक ताकद पेलली जाते आणि पेडल जड होत नाही. भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या यंत्राच्या निर्मात्याला हे गणित हातचे होते. लॅम्बोर्गिनी यांनी आपल्या फेरारीत मोठा क्लच बसविला, त्यामागे चमत्कार नव्हता. पेलायचे वजन आणि पेलणारा भाग यांचे माप जुळत नाही, एवढेच त्यांनी ओळखले होते.

निदान आधी, खर्च नंतर

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची संख्या आता आपल्या शहरांतही वाढली आहे. क्लच जड झाला की बहुतेक जण थेट गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला ऐकतात. जाणकार मिस्त्री मात्र उलट दिशेने, म्हणजे पेडलपासून सुरुवात करतात, कारण त्या बाजूची तपासणी जवळजवळ फुकट असते.

पहिला प्रश्न असतो तो क्लच हळूहळू जड झाला की अचानक. महिनोन्‌महिने थोडे थोडे वजन वाढत गेले असेल तर प्लेटच्या झिजेचा संशय घ्यावा. नंतरच्या काळात आलेल्या, पाकळ्यांसारख्या बोटांच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या क्लचमध्ये हे विशेष जाणवते. पट्टी झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या बोटांचा कोन बदलतो आणि ती दाबायला अधिक जोर लागतो. अशा गाडीत नवी प्लेट पडली की पेडल पुन्हा हलके होते. क्लच एका दिवसात जड झाला असेल तर काही तरी तुटले, वाकले किंवा अडकले आहे असे समजावे.

दुसरी पायरी म्हणजे बिघाड कोणत्या बाजूला आहे ते वेगळे करणे. केबलचा क्लच असेल तर गिअरबॉक्सकडील टोक सोडवून पेडल हाताने दाबून पाहतात. तरीही ते जड असेल तर दोष पेडलच्या खिळीत किंवा केबलमध्ये आहे. केबलचे आतील धागे तुटून अडकणे, आतले अस्तर एक्झॉस्टच्या उष्णतेने वितळणे, दुरुस्तीच्या वेळी केबल तीव्र वळणातून नेली जाणे ही नेहमीची कारणे होत. खिळीला वर्षानुवर्षे ग्रीस मिळालेले नसते, हेही अनेकदा आढळते.

तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पेडलजवळील मास्टर सिलिंडरची दांडी सोडवून पेडल मोकळे हलते का ते पाहतात. खालच्या स्लेव्ह सिलिंडरची दांडी काढून पेडल दाबायचे नसते, कारण आतला दट्ट्या बाहेर पडतो. रबरी नळी जुनी झाली की बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिचे छिद्र अरुंद होते. मग पेडल दाबायला जड लागते आणि वर यायला वेळ लावते. क्लचचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतो. कोणी मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर बसविला असेल, तर बाकी सारे ठाकठीक असूनही क्लच जडच राहतो. जुन्या गाड्यांत असे परके भाग पुष्कळदा सापडतात.

हे सारे निर्दोष निघाले तरच गिअरबॉक्स उतरवावा. तेथे रिलीज बेअरिंग ज्या नळीवरून सरकते तिच्यावर चरे पडलेले असतात, बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू कोरडा किंवा झिजलेला असतो, किंवा फोर्कलाच तडा गेलेला असतो. कधी आधीच्या मालकाने हौसेने शर्यतीसाठीची कडक प्रेशर प्लेट बसविलेली निघते. एकदा गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे, कारण भागांपेक्षा मजुरी जास्त असते. जड पेडल तसेच रेटत राहिल्यास केबल किंवा फोर्क भर रस्त्यात तुटण्याची भीती असते. भर वाहतुकीत गिअरमध्ये अडकलेली गाडी ही केवळ गैरसोय नसते, तो अपघाताचा धोका असतो.

या पद्धतीत ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स कार असा भेद नाही. लॅम्बोर्गिनी यांचे सामर्थ्य याच समजुतीत होते. गाडीवरील बोधचिन्ह पाहून ते दबले नाहीत, त्यांनी आतला भाग पाहिला.

स्वतःची मोटार

१९६३ मध्ये बोलोन्याजवळच्या सांत आगाता या गावी लॅम्बोर्गिनी यांनी मोटारींचा कारखाना काढला. इंजिनासाठी त्यांनी जोत्तो बिझ्झारिनी यांना गाठले. बिझ्झारिनी हे १९६१ मध्ये फेरारीतून बाहेर पडलेल्या नामवंत अभियंत्यांपैकी एक. त्यांनी साडेतीन लिटरचे, बारा सिलिंडरचे आणि चार कॅमशाफ्टचे इंजिन रचले. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे विशीतील दोन अभियंते आणि न्यूझीलंडचा चाचणी-चालक बॉब वॉलेस अशी तरुण मंडळी सांत आगाताला जमली.

पहिली नमुना गाडी १९६३ च्या ट्यूरिन प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा तिच्या बॉनेटखाली इंजिन मावत नव्हते. त्यामुळे ते न बसविताच आणि बॉनेट बंद ठेवून गाडी दाखविण्याची वेळ आली. परंतु लॅम्बोर्गिनी यांनी हार मानली नाही. बिझ्झारिनी यांचे इंजिन शर्यतीच्या स्वभावाचे होते. ते रोजच्या वापरासाठी सौम्य करून घेण्यात आले. १९६४ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ३५० जीटी ही विक्रीयोग्य मोटार पुढे आली. वेगवान, पण आरामशीर आणि मालकाला वारंवार गॅरेजमध्ये न धाडणारी गाडी द्यायची, हे त्यांचे सूत्र होते. शर्यतींत उतरायचे नाही, हे त्यांनी तरुण सहकाऱ्यांच्या आग्रहापुढेही सोडले नाही.

तरुणांनी मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून मान्य करून घेतली. इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेली मोटार. १९६६ मध्ये जिनिव्हात मिउरा अवतरली. स्पेनमधील झुंजीचे बैल पाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्याचे हे नाव. लॅम्बोर्गिनी यांची रास वृषभ होती, बोधचिन्हही बैलाचेच होते. बेर्तोने कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी घडविलेले तिचे रूप पाहून प्रेक्षक थक्क झाले. साडेसातशेहून थोड्या अधिक मिउरा तयार झाल्या, पण त्यानंतर अतिवेगवान मोटारीची कल्पनाच बदलली. १९७१ मध्ये त्याच कारखान्याने काउंताख या टोकदार मोटारीचा नमुना दाखविला.

ही काउंताख पुढे ज्या गुणांसाठी गाजली, त्याच जोडीने तिचा अतिशय जड क्लचही गाजला. क्लचच्या तक्रारीतून ज्या घराण्याचा उगम सांगितला जातो, त्याच घराण्याच्या मोटारी चालविताना मालकांना डाव्या पायाच्या ताकदीची परीक्षा द्यावी लागली. इंजिनाची ताकद वाढत गेली आणि ती पेलण्याचा बोजा पायावर आला. जे गणित संस्थापकाने ट्रॅक्टर कारखान्यात सोडविले होते, ते प्रत्येक नव्या इंजिनाबरोबर पुन्हा उभे राहत होते. मात्र काउंताख ग्राहकांच्या हाती पडू लागली तेव्हा कारखाना त्यांचा राहिलेला नव्हता.

उतरण

मोटारींनी कीर्ती दिली तरी घर चालविले ते ट्रॅक्टरनीच. १९७०च्या दशकाच्या आरंभी तोच आधार डळमळला. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाने दिलेली हजारो ट्रॅक्टरांची मागणी तेथील सत्तांतरानंतर रद्द झाली. परदेशासाठी तयार केलेला माल अंगावर पडला. इटलीत त्या काळी कामगार-संघर्ष तीव्र होता आणि कारखान्याचा पसारा आवरणेही सोपे नव्हते. लॅम्बोर्गिनी यांनी १९७२ मध्ये मोटार कंपनीतील ५१ टक्के हिस्सा स्विस उद्योजक जॉर्ज-आंरी रोसेत्ती यांना विकला. १९७३ मध्ये ट्रॅक्टरचा उद्योग इटलीतील सामे या कंपनीकडे गेला. १९७४ मध्ये मोटार कंपनीतील उरलेला ४९ टक्के हिस्साही रोसेत्ती यांचे मित्र रने लायमर यांनी घेतला. तेलसंकटाने त्याच सुमारास जगभर महागड्या मोटारींचा बाजार बसला.

वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर लॅम्बोर्गिनी पुन्हा जमिनीकडे वळले. मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात त्राझिमेनो सरोवराजवळ त्यांनी मोठी शेती घेतली आणि द्राक्षे लावली. त्यांच्या मद्याला मिउराचेच नाव जोडले गेले. वडिलांचा व्यवसाय नाकारून निघालेला मुलगा अखेर द्राक्षमळ्यातच स्थिरावला. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरुजा येथील रुग्णालयात वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन जन्मगावी रेनाझ्झोत झाले.

मिस्त्र्याचा वारसा

त्यांच्यानंतर मोटार कंपनीचे मालक अनेकदा बदलले. १९८७ मध्ये ती अमेरिकेच्या क्रायस्लरकडे गेली आणि १९९८ मध्ये जर्मनीच्या आउडीने ती घेतली. पुढे गिअर आपोआप बदलू लागले, क्लच दाबण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतले आणि डावे पेडलच नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूला लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही बनतात. मोटार आणि ट्रॅक्टर यांच्या कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंध उरलेला नाही, नाव मात्र एकाच माणसाचे आहे.

लॅम्बोर्गिनी यांच्या आयुष्याकडे अपमानाचा सूड उगविणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ती रंजक असली तरी त्यांच्यावर थोडा अन्याय करणारी आहे. राग अनेकांना येतो. दाराआड काय दुरुस्त केले हे न सांगणाऱ्या कारखान्यावर संतापलेले ग्राहक त्या काळीही पुष्कळ असतील. भाग उघडून पाहणारा, तो आपल्या ओळखीच्या भागाशी ताडून पाहणारा आणि कोठे माप चुकले हे बोट ठेवून दाखविणारा ग्राहक विरळा. ग्राहकाच्या तक्रारीत तथ्य असते आणि ते शोधायला हात काळे करावे लागतात, ही शेतकऱ्यांच्या गॅरेजमधली शिकवण त्यांनी मोटारींच्या उंची दुनियेत नेली.

ही शिकवण आपल्या गावोगावच्या मिस्त्र्यांजवळही आहे. प्रवरेच्या काठी उसाच्या हंगामात अडलेला ट्रॅक्टर रातोरात उभा करणारा कारागीर क्लचचे जे निदान आवाजावरून, वासावरून आणि पेडलच्या वजनावरून करतो, ते पुस्तकातील तत्त्वांशी तंतोतंत जुळणारे असते. त्याला मोठे भांडवल, अभियंत्यांची साथ आणि बाजारपेठ लाभली नाही, एवढाच फरक. युद्धाच्या भंगारातून उभ्या राहिलेल्या चेंतोच्या त्या गॅरेजला या तिन्ही गोष्टी लाभल्या आणि एका जत्रेत मांडलेल्या ट्रॅक्टरपासून जगातील सर्वांत देखण्या मोटारींपर्यंतचा प्रवास अवघ्या १८ वर्षांत पूर्ण झाला.